मामांची कॉलर

एका इटालियन सिनेमात मी मेलो, त्याला आता दोन उन्हाळे होऊन गेले. रूममध्ये कुणी नवीन आला की अजूनही माझी ओळख तशीच करून देतात, हा बघ, हा मेलेला. मी हसतो. पण त्या दिवसातलं मला जे आठवतं, त्यात माझं मरण फार थोडं आहे. मला आठवते ती मामांच्या शर्टाची कॉलर.

मामा माझे सख्खे मामा नव्हेत. ते कणकवलीच्या बाजूचे, मी पाटणच्या वरच्या अंगाचा. आठवीत शाळा सुटली, मग काही वर्षं गावात पिठाच्या गिरणीवर, मग पुण्यात एका हॉटेलात भांड्यांवर, आणि तिथून ओळखीच्या ओळखीने अबुधाबीला, क्लीनिंगच्या कंपनीत. मुसफ्फाच्या लेबर कॅम्पात माझा बंक वरचा, मामांचा खालचा. सुरुवातीला मी पांघरुणात तोंड घालून रडायचो. मामा त्यावर कधी काही बोलले नाहीत. सकाळी माझ्या डब्यात एक जादा चपाती असायची, एवढंच. मॉप कसा पिळायचा, काचेवरून हात कसा आणला म्हणजे ओरखडा दिसत नाही, भाडेकरू लिफ्टमध्ये असला तर आपण थांबायचं, सुपरवायझरने विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हे सगळं त्यांनी शिकवलं. इथे माझा पाय ठरला तो त्यांच्यामुळे. हे मी देवापुढे रोज म्हणतो, आणि रोज म्हणतो म्हणून ते खोटं होत नाही.

आम्ही अल रीम आयलंडवरच्या एका टॉवरमध्ये होतो. लॉबी, लिफ्ट, कचऱ्याची खोली, जिने, सगळं आमच्या गँगकडे. त्या वर्षी मामांचे गुडघे गेले. एकदम नाही गेले. आधी जिन्यात कठड्याला हात लागायला लागला, मग खाली बसून फरशीचा डाग घासायचा झाला की ते मला हाक मारायला लागले. कॅम्पातल्या संडासात नळाला धरून उठायचे. रूममधल्या सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं, कारण त्यांचा व्हिसा रिन्यूअलला आला होता.

कंपनीत वयाने मोठ्या माणसाचं रिन्यूअल सुपरवायझरच्या एका शब्दावर असायचं. तो ऑफिसला "चलता है" म्हणाला तर आणखी दोन वर्षं. "थक गया" म्हणाला तर खलास, घरचं तिकीट. आमचा सुपरवायझर केरळचा, कमी बोलणारा, शर्टाच्या खिशात तीन पेनं असलेला माणूस. त्याने कधी कुणाला शिवी दिली नाही, पण तो लांबून बघत उभा राहायचा, आणि ते बघणं शिवीपेक्षा जड वाटायचं. मामांना दोन वर्षं हवीच होती. त्यांच्या धाकट्या मुलीचं कोल्हापुरात नर्सिंग चालू होतं आणि तेवढंच राहिलं होतं. ते संपलं की मी जातो, असं ते म्हणायचे. मोठ्या मुलीच्या लग्नाच्या वेळीही ते असंच म्हणाले होते, असं जुने लोक सांगत.

अशात टॉवरच्या तळमजल्यावरचा रिकामा गाळा सिनेमावाल्यांनी घेतला. एका आठवड्यात त्यांनी आत एक अख्खं दुकान उभं केलं. काचेचे काउंटर, नंबरच्या चिठ्ठ्या देणारं मशीन, भिंतीवर विमानाच्या आणि हसऱ्या बायकांच्या जाहिराती, इटालियन भाषेत. आम्हाला भाषा कळली नाही तरी दुकान लगेच कळलं. गावी पैसे पाठवायचं आपलं एक्सचेंज. मामा काचेतून बघून म्हणाले की हे लोक एवढे लांबून आले आणि बांधलं काय, तर आपली रांग.

सुपरवायझरने एका सकाळी आम्हाला उभं करून सांगितलं की सिनेमाला आपली माणसं पाहिजेत, एक दिवस, कंपनीने पेपर केलेत, जेवण त्यांचं. आणि मग म्हणाला, "मैं भी रहूँगा पूरा दिन." बाकीचे खूश झाले. मी मामांकडे बघितलं. मामा आपल्या बुटांकडे बघत होते.

शूटिंगच्या दिवशी सगळे ठेवणीतले कपडे घालून गेले. इस्त्रीचे शर्ट, केसांना तेल, एकाने तर अत्तर लावलं होतं. मामांनी मोठ्या मुलीच्या लग्नातला मोतिया रंगाचा शर्ट घातला होता, कडक कॉलरचा. दारातच एक मुलगी कानात वायर घालून उभी होती. ती डायरेक्टरची असिस्टंट. वडील पुण्याचे, ती वाढलेली दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये. मराठी तिला कळायचं, बोलताना मात्र दोन शब्द मराठी आणि पुढे इंग्लिश. आम्हाला बघून तिने कपाळावर हात मारला आणि हसली. म्हणाली की तुम्ही दिवसभर काम करून पैसे पाठवायला आलेली माणसं आहात, लग्नाला नाही. मग तिने एका डब्यातली राखाडी पावडर घेऊन आमच्या इस्त्रीच्या शर्टांना फासली. आम्ही रोज जी धूळ काढतो ती तिने हाताने लावली. मामांच्या कॉलरला लावताना ती थांबली आणि म्हणाली, "सॉरी हं अंकल." मामा म्हणाले, असू दे, धुतलो की जाता.

गोष्ट तिनेच सांगितली. इटलीतलं एक बंदर. तीन दरोडेखोर बँक फोडून पळतात, गाडी बिघडते, पोलीस मागे. ते समोर दिसेल त्या दुकानात घुसतात आणि आत असतील त्यांना ओलीस धरतात. आत असतात परदेशातून आलेले कामगार, पगाराचा दिवस म्हणून रांगेत उभे. इटलीत पण आपली माणसं आहेत का, असं मी विचारलं. ती म्हणाली, खूप आहेत, पंजाबकडची, गोठ्यांवर काम करतात, तिथलं चीज त्यांनी काढलेल्या दुधाचं. मग दरोडेखोर बाहेर निरोप पाठवतात की गाडी द्या नाहीतर यांना मारू. आणि बाहेरून उत्तर येत नाही. तास जातात, उत्तर येत नाही. तेव्हा दरोडेखोरांच्या लक्षात येतं की त्यांनी चुकीची माणसं धरलीत. हे सांगताना ती जराशी अडखळली आणि म्हणाली की सिनेमात तसं आहे, मी नाही लिहिलं.

आमच्यातला एक बिहारी म्हणाला, "मैडम, सही लिखा है." सगळे हसले. ती हसली नाही.

मी विचारलं, आमच्यातलं कुणी मरतं का. एक मरतो, ती म्हणाली, मध्येच, आणि मग शेवटपर्यंत तिथेच पडून असतो. कोण मरणार ते डायरेक्टर तोंडं बघून ठरवेल.

हे ऐकल्यावर गँगमध्ये कुजबुज सुरू झाली. कुणीही अपशकुनाचं नाव काढलं नाही. मरणाऱ्याला दिवसभर एसीत फरशीवर झोपायला मिळणार होतं. प्रत्येकाला मरायचं होतं. माझ्या डोक्यात मात्र दुसरंच आलं. बाकी सगळ्यांना दर वेळी खाली पडायचं होतं आणि दर वेळी उठायचं होतं, आणि सुपरवायझर कोपऱ्यात हात बांधून उभा होता. मी त्या मुलीला बाजूला घेतलं आणि म्हणालो, ताई, मामांना मारा.

का, तिने विचारलं. मला गुडघ्यांचं सांगता येईना. शेवटी म्हणालो, वय झालंय त्यांचं, शोभून दिसतील.

तिने जाऊन डायरेक्टरला सांगितलं. डायरेक्टर म्हणजे हाफ पँट घातलेला बुटका माणूस. खुर्ची असूनही तो आमची मॉपची बादली पालथी घालून तिच्यावर बसला होता. तो उठून आला, आमच्या रांगेसमोरून चालत गेला, मामांपाशी थांबला, मान हलवली, आणि पुढे येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. मुलगी म्हणाली, "यू. तुम्ही मरणार. तो म्हणतो तुमच्या फेसवर ऑलरेडी भीती आहे."

मी म्हणालो, मामांना द्या, मी उठबस करतो. तिने विचारलं. नाही म्हणाला. मी पुन्हा म्हणालो. मामांनी माझं मनगट धरलं.

"गप रव. मराक पण नशीब लागता रे."

पहिल्या टेकला जे झालं त्याची आठवण काढून आम्ही अजूनही हसतो. आम्हाला सांगितलं होतं, रांगेत उभे राहा, दार उघडेल, माणसं बंदुका घेऊन येतील, घाबरा. आम्ही उभे राहिलो. दार धाडकन उघडलं. मुख्य दरोडेखोर आत आला, दांडगा माणूस, अर्ध्या गालावर दाढी नाही, डोळे लाल केलेले, आणि तो इटालियनमध्ये असा ओरडला की मी खरंच एक पाऊल मागे सरकलो. त्याने बंदूक फिरवली आणि आम्ही सगळ्यांनी, कुणी कुणाला न सांगता, खिशात हात घालून बताका बाहेर काढला.

बताका म्हणजे इथलं आपलं ओळखपत्र. झोपताना उशीखाली, आंघोळीला जाताना रूममधल्या माणसाकडे. कुणी अंगावर ओरडलं, कुणी मोठ्या आवाजात काही मागितलं, की आधी हात तिकडे जातो. एक्सचेंजच्या रांगेत तर तो हातातच लागतो. तर आम्ही दहा-बाराजण त्या दरोडेखोरासमोर बताका धरून उभे. तो पुढचं वाक्य विसरला. एकेकाच्या हाताकडे बघत राहिला. मग त्याने सगळ्यात पुढच्याच्या हातातला बताका घेतला, उलटसुलट करून बघितला आणि परत दिला. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

पुढे तो ओरडला, खाली पडा. आम्ही पडलो. पण पडलो तेही रांगेत. पुढचा पुढे, मागचा मागे, मध्ये हातभर जागा सोडून. डायरेक्टर बादलीवरून उठून आला आणि कंबरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत राहिला. मुलीने सांगितलं, तो म्हणतोय माणसं घाबरून रांगेत पडत नाहीत. बिहारी पडल्या पडल्या म्हणाला की मॅडम, नंबर गेला तर परत शेवटी उभं राहावं लागतं. तिने ते डायरेक्टरला सांगितलं. तो परत बादलीवर जाऊन बसला. मग म्हणाला, असंच ठेवा. बताका पण ठेवा.

म्हणजे पुन्हा. आणि मग पुन्हा.

मला ठाऊक नव्हतं की सिनेमात एक गोष्ट इतक्या वेळा करतात. एकदा कॅमेरा समोर, एकदा मागून, एकदा पायांपाशी. दर वेळी दार धाडकन, ओरडणं, बताका, खाली. आणि मग कट, उठा, शर्ट झटका, पुन्हा धूळ लावा, रांगेत उभे राहा. पहिल्या काही वेळा मामा काउंटरच्या कडेला धरून उठले. मग काउंटरजवळ कॅमेरा आला आणि त्यांची जागा मध्ये झाली, जिथे धरायला काही नव्हतं. मी त्यांच्या मागे होतो. मी उठताना हात पुढे करायचो, तर ते ओठांतल्या ओठांत म्हणायचे, "झिला, माझ्या पायाकडे बघू नको. तू बघतलंस तर तो पण बघतलो."

तो म्हणजे सुपरवायझर. तो कोपऱ्यातून हलला नव्हता.

मामा एका गुडघ्यावर येऊन खिशातून काहीतरी पडल्यासारखं करायचे, शोधायचे, मग उठायचे. कधी बुटाची नाडी बांधायचे. नाडी किती वेळा सुटणार? मला फरशीवर पडल्या पडल्या घाम फुटत होता. डायरेक्टर त्या मुलीला म्हणाला म्हणे की हा मुलगा फार चांगला आहे, बाकीचे दमले तरी याची भीती कमी होत नाही.

मग माझा नंबर आला आणि मला मारलं. पोटाला लाल रंगाची पिशवी बांधली, ती फुटली, मी पडलो. पुढे मला फक्त पडून राहायचं होतं, तोंड दाराकडे करून, डोळे अर्धे उघडे. फरशी गार होती. ती आम्हीच आदल्या दिवशी पुसली होती, त्या वासावरून कळत होतं. मी मेलेला, म्हणून मला हलता येत नव्हतं, आणि मामा माझ्या नजरेसमोर बरोबर होते. त्यांना मदत करायला उठलो असतो तर मी मेलेल्याचा जिवंत झालो असतो आणि सगळ्यांनी तिकडे बघितलं असतं. तेव्हा मी तसाच पडून बघत राहिलो.

जेवणाच्या सुट्टीत दरोडेखोर आमच्यात येऊन बसला. त्यांच्या लोकांचं टेबल वेगळं होतं, तरी तो आमच्याकडे आला, बंदूक शेजारी ठेवली आणि आमच्यासारखाच भाताचा डबा मांडीवर घेतला. बोलायला भाषा नव्हती. त्याने माझा बताका बघायला मागितला, फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं, गाल फुगवून दाखवले. फोटोत मी जाड होतो. सगळे हसले. मग त्याने सहज म्हणून पँट वर केली आणि स्वतःचा गुडघा दाखवला. गुडघ्यावर उभा लांब व्रण होता, ऑपरेशनचा. त्याने मामांकडे बघून आपल्या गुडघ्यावर दोन बोटं ठेवली आणि भुवया उंचावल्या.

मामांनी घास तोंडात तसाच ठेवला. मान नाही म्हणून हलवली. मग त्यांची नजर एक क्षण कोपऱ्याकडे गेली, जिथे सुपरवायझर उभ्या उभ्या डबा खात होता, आणि परत आली. बस, एवढंच. दरोडेखोरानेही त्या दिशेला बघितलं. त्याने पँट खाली केली, डबा संपवला, आणि उठताना मामांच्या पाठीवर थाप मारून गेला. मला वाटलं, आता सगळं गेलं. मला तर भीती वाटली की आता हा जाऊन डायरेक्टरला सांगेल, तो मुलीला, ती सुपरवायझरला, आणि चांगुलपणानेच सगळं संपेल. चांगल्या माणसांनी बोलून घात केल्याचं मी बघितलंय.

दुपारनंतरच्या सीनमध्ये दरोडेखोरांचं डोकं फिरलेलं असतं. बाहेरून उत्तर येत नाही म्हणून मुख्य दरोडेखोर खाली पडलेल्यांना एकेकाला उठवून खिडकीसमोर उभं करणार होता. नुसतं बंदुकीने खूण करायची आणि त्यांनी उठायचं, असं ठरलं होतं. पहिला उठला, गेला. दुसरा उठला, गेला. मग मामा. दरोडेखोराने खूण केली नाही. तो वाकला, त्याने मामांची कॉलर मागून मुठीत धरली आणि ओरडत त्यांना वर खेचलं. मामांचं डोकं मागे गेलं, शर्ट गळ्यापर्यंत आला. खिडकीपर्यंत त्याने त्यांना तसंच फरफटत नेलं. बघणाऱ्याला वाटावं, माणूस आहे की गुरं ओढणारा.

पण मी जमिनीवर होतो. मला त्याचा दुसरा हात दिसत होता. कॅमेऱ्याच्या पलीकडच्या बाजूला, कोटाच्या आड, तो हात मामांच्या बगलेत होता, आणि मामांचं सगळं वजन त्या हातावर होतं. कॉलर ओढलेली होती ती दाखवायला. उचललं होतं ते दुसऱ्या हाताने. मामांचे पाय जमिनीला लागत होते ते नुसते लागण्यापुरते.

डायरेक्टर बादलीवरून उभाच राहिला. त्याला एवढं आवडलं की त्याने सांगितलं, दर वेळी असंच करा. खाली पडताना पण, ढकलून पाड. तर मग दर वेळी तो मामांना ढकलायचा, म्हणजे पाठीमागून धरून हळू खाली सोडायचा, आणि दर वेळी कॉलर धरून वर काढायचा. मध्ये कॅमेऱ्यावाले काहीतरी जुळवत असताना तो मामांना खाली ठेवायचाच नाही, कॉलर धरून तसाच उभा राहायचा, जणू विसरलाय. मामा त्याच्या अंगाला टेकून उभे. दोघेही समोर बघत. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता, आणि त्याचाही गुडघा कापलेला होता हे त्या गाळ्यात आम्हा कामगारांनाच माहीत होतं.

एकदा कॉलर फाटली, टर्रकन आवाज आला. तेव्हा सुपरवायझर कोपऱ्यातून पुढे आला. सकाळपासून पहिल्यांदा. तो त्या मुलीला म्हणाला, "मैडम, बूढ़ा आदमी है हमारा. इतना ज़ोर से नहीं खींचने का. बोलो उसको."

मी मेलेला असून मान वर केली. हा माणूस कधी आमच्यासाठी असं बोलेल असं मला वाटलं नव्हतं, आणि बोलला तो नेमका जिथे बोलायला नको तिथे. मुलगी डायरेक्टरकडे वळली. मामांनी घाईने हात वर केला आणि हसत म्हणाले, "नहीं सर, नहीं. फिल्म है. हमको कुछ नहीं होता. खींचने दो."

सुपरवायझरने त्यांच्याकडे बघितलं, फाटलेल्या कॉलरकडे बघितलं, मग दरोडेखोराकडे. आणि परत कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

संध्याकाळी सगळं संपल्यावर त्यांच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, आम्हीही वाजवल्या. दरोडेखोर तोंड धुऊन आला तर कुणीतरी मास्तर वाटावा असा साधा माणूस होता. त्याने मामांची लोंबणारी कॉलर बोटांनी जागेवर बसवली, ती पुन्हा लोंबली, तो काहीतरी पुटपुटला. मामांनी दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. बस सुटायची वेळ झाली होती, सुपरवायझर "यल्ला, यल्ला", चला चला, करत होता, म्हणून तेवढ्यावरच राहिलं.

महिन्याभरात मामांचं रिन्यूअल आलं. सुपरवायझरने बोलावून सांगितलं, आणि बाहेर आल्यावर मामांनी मला सांगितलं, ते असं, की साहेब खूश आहे. ऑफिसला म्हणाला हा म्हातारा दिवसभर पडतो, उठतो, ओढला तरी हसतो, फिट आहे. म्हणून दोन वर्षं. आणि म्हणून उद्यापासून जिने.

आमच्या टॉवरचे जिने म्हणजे काय, ते मी सांगून कळणार नाही. लिफ्ट असल्यामुळे त्या जिन्याने कुणीही जात नाही, तरी वरपासून खालपर्यंत प्रत्येक पायरी पुसावी लागते. आजवर ते काम तरण्याताठ्यांकडे असायचं. मामा बंकवर बसले, बूट न काढता. मी म्हणालो, खरं सांगा साहेबाला. ते म्हणाले, खरं सांगितलं तर दोन वर्षं पण जातील. मग लग्नाचा तो शर्ट बॅगेतून काढून कॉलर शिवायला बसले. दोरा मोतिया मिळाला नाही, पांढरा मिळाला.

दुसऱ्या दिवसापासून जिने मी घेतले आणि माझी लॉबी मामांनी. कुणाला विचारलं नाही. हजेरीला ते जिन्याच्या दारातून आत जायचे, मी लॉबीत, आणि मग मधल्या कॉरिडॉरमध्ये आम्ही मॉप आणि जागा बदलायचो. वर काही मजले गेल्यावर माझ्याही पायात गोळे यायचे. मी पायरीवर बसायचो तेव्हा वाटायचं, माझा नंबर कधीतरी येईलच, तेव्हा कुणाची कॉलर, कुणाचा हात. पण मग ती जादा चपाती आठवायची आणि मी उठायचो.

सिनेमा पुढच्या वर्षी मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये आला. रविवारी दुपारी, रूममध्ये, लोणच्याच्या बरणीला फोन टेकवून आम्ही बघितला. एकालाही भाषा कळत नव्हती आणि खालची इंग्लिश अक्षरं फार पटपट जात होती, पण आम्हाला गोष्ट माहीत होती. बताका काढला तेव्हा रूम हसली. मी मेलो तेव्हा कुणीतरी माझ्या डोक्यावर टपली मारली. आणि मग तो मामांना ओढायला लागला. पडद्यावर ते फार वाईट दिसत होतं. मामांचं तोंड वेडंवाकडं झालेलं, कॉलर गळ्यात रुतलेली. त्याचा दुसरा हात कुठेच दिसत नव्हता. जो त्या दिवशी आमच्यात नव्हता त्या एका पोराने दरोडेखोराला आईवरून शिवी दिली.

संध्याकाळी मामींचा व्हिडिओ कॉल आला. मुलीने शोधून त्यांना दाखवला होता. मामी रडत होत्या.

"कोण तो मेलो? गुराक ओढतत तसा ओढल्यान तुमका."

"अगो, तो बरो माणूस होतो," मामा म्हणाले.

"बरो? आणि वर बरो म्हणतास?"

मामांनी दोनदा सांगून बघितलं, की हात होता, मागे होता, दिसत नाही. मामींना ते पटेना. शेवटी त्यांनी विषय बदलून मुलीची परीक्षा विचारली.

माझी काळजी मात्र वेगळीच होती. सिनेमाच्या शेवटी दरोडेखोर आम्हाला सोडतात आणि आम्ही हात वर करून दारातून बाहेर पडतो, अर्थातच रांगेत. सगळ्यात शेवटी मामा. तिथे कुणी धरलेलं नव्हतं. मामा उन्हात चालत येतात आणि प्रत्येक पावलाला त्यांचं अंग एका बाजूला पडतं. लहान मुलालाही दिसलं असतं. आणि तेवढ्यावर कॅमेरा कितीतरी वेळ थांबतो. ते ॲप सुपरवायझरच्या फोनमध्येही होतं. रात्री मला झोप लागली नाही.

सोमवारी सुपरवायझर उशिरा आला. मी जिने सोडून बादलीचं पाणी बदलायला खाली आलो होतो, आणि मामा लॉबीत मॉप मारत होते. म्हणजे दोघेही जिथे नसायला हवं तिथे. पळायला वेळ नव्हता. तो आमच्यासमोर उभा राहिला. खिशातलं एक पेन काढलं, परत ठेवलं.

"फिल्म देखा," तो म्हणाला.

मी बादली खाली ठेवली.

"तुम अच्छा मरा," तो मला म्हणाला. मग मामांकडे वळला. त्यांच्या तोंडाकडे बघितलं, हातातल्या मॉपकडे बघितलं, माझ्या ओल्या पँटकडे आणि जिन्याच्या उघड्या दाराकडे बघितलं. मामांनी मॉपच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवले होते, आणि आता त्यावर भार देऊन उभं राहिल्याचं लपवायचं त्यांनी सोडून दिलं होतं. लिफ्टचं दार उघडलं, एक बाई मुलाला घेऊन बाहेर पडल्या, आम्ही तिघे सवयीने बाजूला झालो, त्या गेल्या.

"यल्ला," सुपरवायझर म्हणाला, "काम करो." आणि जिने कुणाचे ते न विचारता पार्किंगकडे निघून गेला. जिन्याचं दार उघडं राहिलं होतं, ते त्याने जाता जाता पायाने लोटून बंद केलं.

मामांनी मॉप पुन्हा फरशीवर टेकवला. मग मला म्हणाले, पाणी गार होतंय, जा. मी बादली उचलली.